दर रविवारी एक वारा

वडीगोद्रीच्या फाट्यावर संभाजीनगरची एसटी यायला अजून अर्धा तास होता आणि आबा माझ्याकडं पाठ करून उभे होते. आबा म्हणजे माझे वडील. मी पहिल्यांदाच घर सोडून परदेशात निघाले होते, जपानला, तीन वर्षांसाठी, आणि हा माणूस हायवेच्या कडेला मावळतीकडं तोंड करून उभा. मायला राहवलं नाही. "आवं, पोरगी चाल्ली, तिच्याकडं बघा की जरा," ती म्हणाली. आबा वळले नाहीत. म्हणाले, "वारं कुन्या अंगानं हाय ते बघून राह्यलो. ट्रकची सगळी धूळ तिच्या अंगावर यील. सुजा, बॅग घे अन् रसवंतीच्या पल्याड उभी ऱ्हाय." मी बॅग उचलून रसवंतीच्या पलीकडं गेले. धूळ खरंच माझ्याकडं आली नाही. माय, आबा आणि धाकटा भाऊ राहुल तिघं धुळीत उभे राहिले आणि मी एकटी कोरीकरकरीत एसटीत चढले.

तेव्हा मला रागच आला होता. लोकांचे आईबाप निघताना गळ्यात पडतात, माझ्या वाट्याला पाठ आली. विमानात बसेपर्यंत मी धुसफुसत होते.

आबांचं हे वाऱ्याचं वेड गावाला ठाऊक होतं. आमची शेती बेताची, पण त्यांना मान होता तो उपणणीमुळं. टोपलं डोक्याच्या वर धरून धान्य हळूहळू खाली सोडायचं, वारा भुसा बाजूला नेतो आणि दाणा पायाशी पडतो, एवढंच ते काम. आता मळणीयंत्रं आली, गहू-ज्वारी त्यातूनच निघते. पण तीळ, धने, घरापुरती तूर असलं थोडंथोडं लोक अजून हातानं उपणतात आणि तेव्हा आबांना हमखास बोलावणं येतं. खळ्यावर पाय ठेवला की ते सांगणार, वारं घटकाभरानं सुटंल, किंवा आज राहू द्या, हे खुळं वारं हाय. खुळं वारं म्हणजे ज्याला दिशाच नाही ते. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही, तो त्यांचा स्वतःचाच असावा.

मी संभाजीनगरला नर्सिंग केलं, दोन वर्षं तिथल्याच एका दवाखान्यात राबले, मग पुण्यात दहा महिने जपानी शिकले. जपानमधल्या वृद्धाश्रमांना माणसं हवी होती आणि मला बाहेर पडायचं होतं. पुण्यातल्या दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक चौकोनी अक्षर काढलं आणि म्हणाल्या, काझे, म्हणजे वारा. त्या रविवारी मी फोनवर आबांना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "एकच शब्द? येवढ्या मोठ्या देशात?" मी म्हटलं, असतील अजून, शिकायचेत. तर म्हणाले, "मंग दर रविवारी एक आनत जा. फुकट न्हाई, मी बी एक दीन."

तिथून आमचा खेळ सुरू झाला. मी सांगितलं, सोयोकाझे, म्हणजे हलकं, अंगाला नुसतं लागून जाणारं वारं. आबा म्हणाले, झुळूक. मी सांगितलं, सर्दी झाली की जपानी माणूस म्हणतो मी वारा ओढून घेतला. आबांनी विचार करून मान डोलावली, "बराबर हाय. वढल्याबिगर कसा यील आत." मी सांगितलं, एखादी बातमी कुणी सांगितली ते आठवत नसलं की त्याला तिकडं वाऱ्याची चिठ्ठी म्हणतात. त्यावर आबा म्हणाले, आपल्याकडं उडत उडत कळतं, तिकडं निदान चिठ्ठी तरी येते.

आणि प्रत्येक शब्द ते स्वतः म्हणून बघायचे. त्यांची अशी समजूत होती की जपानी शब्द सरळ तोंडानं निघूच शकत नाही. म्हणून तोंड एका अंगाला ओढायचे, एक डोळा बारीक करायचे आणि मग "कोगाराशी" म्हणायचे. कोगाराशी म्हणजे झाडं सुकवून टाकणारं, थंडीच्या तोंडचं पहिलं कडक वारं. मी शब्द सांगितला की पलीकडं आबांचं तोंड वाकडं झालंच. माय पदरात तोंड घालून हसायची, राहुलच्या हातातला फोन हालायचा आणि मी पुण्याच्या हॉस्टेलात, नंतर जपानमधल्या खोलीत, एकटीच खिदळत बसायचे. आमच्या घरात हा तमाशा दोन वर्षं दर रविवारी झाला. हे नीट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

जपानमध्ये मला गुनमा नावाच्या भागात काम मिळालं. वृद्धाश्रम गावाबाहेर, मागं भातशेती आणि लांब डोंगर. डोंगरावरून हिवाळ्यात एक कोरडं वारं उतरतं, त्याला काराक्काझे म्हणतात. कोरडं म्हणजे किती, तर आठ दिवसांत माझे ओठ फुटले आणि हातांच्या पाठी भेगाळल्या. पहिल्या हिवाळ्यात मी सायकलवरून कामाला जाताना दोनदा आडवी झाले. आबांना सांगितलं तर म्हणाले, "वाऱ्याशी भांडू नको. उतर अन् सायकल धरून चाल." मी उतरून चालायला लागले. गावी मी कधी कुणाचं ऐकलं नाही, आबा म्हणायचे हिच्या कानात वारं शिरलंय, आणि तिकडं साडेतीन तासांच्या फरकानं येणाऱ्या त्यांच्या आवाजाचं मुकाट ऐकत होते.

माझ्याबरोबर लिन नावाची चिनी बाई काम करायची. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, उत्तर चीनमधली, हाडापेरानं मजबूत. एका वेळी एका म्हाताऱ्याला दोघींनी उचलायचं असतं, त्यामुळं आमची गट्टी जमली. तिला आमच्या रविवारच्या खेळाबद्दल कळलं तेव्हा ती म्हणाली, चिनी वारे पण घेऊन जा, तुझ्या बाबांना आवडतील. तिची आई तिला लहानपणी दरडावायची, अभ्यास कर, नाहीतर वायव्येचा वारा पिऊन राहशील. म्हणजे उपाशी मरशील. आबांना हे फारच आवडलं. म्हणाले, "तिकडं उपाशी मानूस वारा पितो, आपल्याकडं रिकामा मानूस हवा खातो. पोट कुनाचंच भरत न्हाई." सांगितलेलं मनावर न घेतलं तर चिनी लोक म्हणतात, कानाजवळून वारा गेला. हे ऐकून मायनं आबांकडं असं पाहिलं की फोनसमोर माझ्याशेजारी बसलेली लिन मराठी येत नसूनही हसली.

आणि एक शब्द मी आबांना कधीच सांगितला नाही. मोरिता नावाचे एक आजोबा आमच्याकडं होते. उजवा हात आणि पाय गेलेला, तोंड उजवीकडं ओघळलेलं. अंघोळ घालताना एकदा ते स्वतःच म्हणाले, मला चूबू झालाय. हा जुन्या लोकांचा शब्द. डॉक्टर वेगळा शब्द वापरतात. मी लिनला विचारलं, चूबू म्हणजे काय. तिनं ओल्या हातानं आरशावर दोन अक्षरं काढली. एक, लागणं. दुसरं, वारा. वारा लागला, म्हणजे पक्षाघात. आमच्याकडं पण हीच दोन अक्षरं, ती म्हणाली, फक्त वाचतो वेगळं, जोंगफंग. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आमच्या गावात म्हणतात, अंगावरून वारं गेलं. जपानी म्हाताऱ्यानं, चिनी बाईनं आणि वडीगोद्रीकडच्या माणसानं एकाच आजाराला वाऱ्याचंच नाव दिलं. जपान्यांनी अक्षरं चीनकडून घेतली, पण आमच्या गावाला कुणी विचारलं होतं? पण रविवार हा आमचा हसायचा दिवस, त्यात असलं नाव कशाला काढा म्हणून मी गप्प बसले.

नाव काढलं नाही, पण ते दुखणं मला पाठ होतं. सकाळी कामावर गेले की एकेका आजी-आजोबांसमोर जायचं, हसा म्हणायचं, हात वर करा म्हणायचं, एक वाक्य बोलून घ्यायचं. कुठं काही ओघळलं, घसरलं, अडखळलं की धावत जाऊन फोन. साडेचार तासांच्या आत दवाखान्यात इंजेक्शन मिळालं तर माणूस पुन्हा चालू शकतो. मी हे नव्या मुलींना शिकवायचे. माझी नजर पडली की अर्ध्या मिनिटात कळतं, असं ऐटीत सांगायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात मोरिता आजोबा गेले. त्यांच्या मुलानं आमच्यासमोर वाकून आभार मानले, खोली रिकामी केली, आणि दुपारी त्याच पलंगावर दुसऱ्या आजी आल्या. मला ते झेपलं नाही. त्यात वारं सुटलेलं, पाच वाजता अंधार, खोलीत गेलं की बोलायला भिंत. लिनही महिनाभर तिच्या घरी गेली होती. मी रविवारी फोन लावायचे आणि रडायचे. शब्द आणला का, असं आबांनी विचारलं की मान हलवायचे. मला परत यायचं, म्हणायचे. आबा नुसतं "हूं" करायचे, मग म्हणायचे, "खाऊन घे आधी." असे पाच-सहा रविवार गेले. फोन ठेवल्यावर तिकडं काय होत असेल, याचा मी एकदाही विचार केला नाही.

मग जानेवारीत लिन परत आली आणि तिनं मला एक शब्द दिला. म्हणाली, हा तुझ्या बाबांसाठी राखून ठेवला होता. उशीजवळचा वारा. बायको निजताना नवऱ्याच्या कानाशी जे हळूच सांगते आणि सकाळी नवरा ते स्वतःचं म्हणून बोलतो, त्याला चिनी भाषेत उशीजवळचा वारा म्हणतात. मी कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा पोटभर हसले. रविवारी सकाळी, भारतातले साडेआठ वाजले असतील, फोन लावला. तुरीचे दिवस, आबा नुकतेच खळ्याकडून चहाला आले होते. मी शब्द सांगितला. मायचं तोंड बघण्यासारखं झालं. राहुल म्हणाला, "म्हणजे आबांची सगळी अक्कल उशीकडून आल्ती." आबांनी मूळ चिनी शब्द म्हणायचा प्रयत्न केला आणि त्यांचं तोंड नेहमीसारखं वाकडं झालं. नेहमीपेक्षा जास्तच. मी लोळायची बाकी राहिले. "आबा, तोंड सरळ करा, आता तसंच राहील," मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत, माझ्याकडं बघत राहिले. मला ते चित्र एवढं आवडलं की मी फोनवरूनच त्याचा फोटो काढला आणि माझ्या फोनच्या पडद्यावर लावला.

त्यानंतर आबा रविवारी दिसेनासे झाले. शेतात गेलेत, झोपलेत, घसा बसलाय, रेंज नाही. एकदा-दोनदा आवाज ऐकवला, तो नुसता "हूं". मला वाटलं रुसलेत. निघताना मी धुसफुसले होते, आता ते धुसफुसत असतील. चार महिने मी शब्द गोळा करून ठेवले. हारु इचिबान, म्हणजे हिवाळा संपवणारं दक्षिणेकडचं पहिलं जोराचं वारं, त्याची तर जपानमध्ये बातम्यांत घोषणा होते. ते माझ्याकडं तसंच पडून होतं. सांगायचं कुणाला? माय म्हणायची, "मला सांग." पण मायला सांगण्यात ती मजा नव्हती आणि मी तिला तसं म्हणूनही दाखवलं. काय बाई मी.

मेमध्ये मंठा गावातल्या चुलतबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तिच्या भावानं व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकला. मी जेवणाच्या सुट्टीत बघत होते. नवरी, नवऱ्याकडची पोरं, डीजे, मंडप, आणि मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला. तोंडाचा उजवा कोपरा खाली. मी आधी ओळखलं ते दुखणं. माणूस नंतर ओळखला. ते आबा होते.

लिननं माझ्या हातातून डबा काढून घेतला, कारण तो पडणार होता. मी घरी फोन लावला. राहुलनं उचलला. मी फक्त म्हणाले, "मंठ्याचा व्हिडिओ पाह्यला मी."

आठ दिवसांत रजा मिळाली. गावात पोचले तेव्हा दुपारचं ऊन असं की अंगण भाजत होतं. आणि आबांच्या खोलीला मात्र दार बंद, खिडकीत पोतं खुपसलेलं, दाराच्या फटीत चिंध्या. आत गेले तर तेलाचा आणि घामाचा वास, अंधार, आणि आबा मफलर गुंडाळून बसलेले. मे महिन्यात मफलर. कुण्या गावच्या एका माणसानं सांगितलं होतं, अंगावरून वारं गेलंय ना, मग आता या माणसाला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागू द्यायची नाही. त्याच माणसानं पारव्याचं रक्त चोळायला दिलं होतं. ते चोळून झालं, मालीश झाली, आणि दवाखान्यात नेलं ते तिसऱ्या दिवशी. ज्या माणसानं जन्मभर खळ्यावर उघड्या अंगानं वारं घेतलं, त्याला चार महिने खोलीत कोंडून ठेवलेलं, लग्नाचा तेवढा एक दिवस सोडून. लिनला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, तिच्या आजीलाही असंच कोंडलं होतं.

मी पोतं उपसलं, चिंध्या भिरकावल्या आणि ओसरीवर येऊन जे तोंड सोडलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल. चार महिने तुम्ही मला वाऱ्यावर सोडलं, म्हणाले. दिवसाला वीस माणसांचं हेच दुखणं मी बघते आणि माझ्या बापाचं मला व्हिडिओत कळतं. नर्स आहे मी, नर्स, रक्त कसलं चोळता. तासा-दीड तासात संभाजीनगर येतं. त्याच दिवशी नेलं असतं तर इंजेक्शन मिळालं असतं, आज ते हातानं जेवले असते. का नाही नेलं, सांगा. राहुल म्हणाला, "ताई, बस कर." मी म्हणाले, का बस करू, तू घरात होतास ना, तुला दिसलं नाही? तो मायकडं बघायला लागला.

माय तुरीची डाळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"तू पाह्यलं होतंस नं," ती म्हणाली. "फोन ठिवल्यावर बी त्यांचं तोंड तसंच ऱ्हायलं. राहुल म्हनला, दवाखान्यात नेऊ, ह्ये काही बराबर दिसत न्हाई. मीच म्हनलं, आरं, आत्ताच सुजानं पाह्यलं की. ती नर्स हाये. काही असतं तर ती हसली असती का? मंग आम्ही गप बसलो. म्हनलं, थंडीनं झालं आसंल."

मी खांबाला धरून खाली बसले.

"अन् तुला का न्हाई सांगितलं," माय म्हणाली, "तर तू पहिलं तारीखच इचारली असतीस."

मी फोन काढला. पडद्यावर तो फोटो होता. चार महिने रोज सकाळी कामावर जाताना तो माझ्या हातात होता. आबांचं तोंड गमतीत एका अंगाला ओढलं जायचं ते डावीकडं. फोटोत उजवा कोपरा खाली ओघळलेला आहे. उजवा गाल सैल पडलेला आहे. कपबशी डाव्या हातात आहे, आबा कधी डाव्या हातानं चहा पीत नाहीत. नव्या मुलीनं एवढं पाहिलं नसतं तर मी तिला कामावरून घरी पाठवलं असतं. मी ते पाहिलं, हसले, फोटो काढला आणि म्हणाले, आता तसंच राहील.

रात्री मायनं माझ्यापुढं ताट आणून ठेवलं आणि मी जेवेपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना धरून अंगणात आणलं, खुर्चीत बसवलं. त्यांचा हात माझ्या मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत होते, जसं तिकडं रोज करते. त्यांना बोलता येतं, पण शब्द एकेक करून येतात आणि मधे खूप थांबावं लागतं. मी म्हणाले, आबा, त्या दिवशी मला दिसायला पाहिजे होतं. मी पाहिलं आणि हसले. माझ्यामुळं झालं.

आबा बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "मला... कळाल्तं."

मला वाटलं, माझं म्हणणं कळलं असं ते म्हणतायत. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात दाखवला. "ह्यो... गेल्ता. फोन... चालू असतानाच. कप... सुटला, म्हून... इकडं घेतला."

"मंग बोल्ला का न्हाई तुम्ही," मी ओरडलेच. "मी समोर होते. एक शब्द बोल्ला असता तर."

ते माझ्याकडं बघत राहिले, त्या दिवशी फोनवर बघत होते तसे.

"तू... हसत होतीस," ते म्हणाले. "लई... दिसांनी."

मला रडू यायला हवं होतं. मला त्यांचा इतका संताप आला की मी त्यांचा हात तसाच सोडून उठले आणि विहाराच्या मागच्या रस्त्यानं पार कॅनॉलपर्यंत चालत गेले. माझ्या पाच-सहा रविवारच्या रडण्यानं त्यांचा हात घेतला. मी इकडं मोकळी व्हावी म्हणून रडत होते आणि ते तिकडं एक-एक रविवार गिळत होते. अर्धं अंग जातंय हे कळत असताना पोरीचं हसू मोडू नये म्हणून एक माणूस गप्प बसला, आणि पोरगी हसली म्हणून दुसरी दोन माणसं गप्प बसली, आणि मग सगळे मिळून चार महिने गप्प बसले. कुणीही वाईट वागलं नाही. हेच मला अजून पचत नाही. कुणावर ओरडावं, तर त्यांच्यात पहिला नंबर माझाच लागतो.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हीही असंच करता, मला माहीत आहे. फोन यायच्या आधी घर झाडता, सलाइनची पट्टी बाहीखाली लपवता. तिकडून आम्ही पण चांगला सदरा घालतो, मागची ओली भिंत दिसू नये म्हणून कोपरा बदलतो. दोन्हीकडून सगळं ठीक. मी तुम्हाला शहाणपण शिकवत नाही. मी फक्त सांगते की आमच्याकडं त्याची किंमत आबांनी दिली.

मी दीड महिना राहिले. आबा काठी धरून ओट्यापर्यंत चालायला लागले. हाताचं फार काही होणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. परत जाऊ नको, असं कुणी म्हणालं नाही. मीच म्हणून पाहिलं, इथंच राहते. तर आबांनी काठी आपटली. निघायच्या आदल्या दिवशी मी घरात एक कायदा केला. इथून पुढं फोनवर पहिलं वाईट सांगायचं. दोन्हीकडून. चांगलं नंतर, वेळ उरला तर.

आता मी रोज फोन करते, रविवारची वाट बघत नाही. माय सुरुवात करते: गुडघा धरलाय, शेळी आजारी हाये, राहुलचं अन् माझं भांडण झालं. मग आबा: रात्री पडलो. ढोपर लागलं. शब्द आठवत न्हाई. मग मी: आज एका आजींनी मला चापट मारली, जेवण टाकून दिलं, एकटं वाटतं. हे ऐकून लिन म्हणते, तुमचं कुटुंब फारच दुःखी दिसतं. मला तसं वाटत नाही. पण पूर्वी घर म्हटलं की मला हसू यायचं, आता फोन लागला की मी आधी सगळ्यांची तोंडं तपासते. घर म्हणजे आता माझ्यासाठी ती जागा, जिथं मी जे पाहते त्यावर माझा भरवसा नाही.

गेल्या रविवारी आबांची पाळी आली. त्यांनी वेळ घेतला, मग म्हणाले, "आज... वाईट काही न्हाई."

मला खरं वाटलं नाही. राहुलला म्हटलं, फोन त्यांच्या तोंडाजवळ ने. अजून जवळ. डोळे दाखव. पाय दाखव. आता उजेडात ने. तो मुकाट्यानं फोन फिरवत राहिला, मी इंच-इंच बघत राहिले. माय म्हणाली, "आता पुरे कर गं." मी म्हटलं, परत एकदा तोंड दाखव. शेवटी आबा वैतागले, डाव्या हातानं फोन ढकलला आणि म्हणाले, "जेव आता."

दोन्ही शब्द सरळ आले, मधे न थांबता. मग मी जेवले.